फाटकाजवळचा डाग

नेवेनाच्या त्या पत्राला मी उत्तर दिले नाही. पत्र लहानसे होते, परिचारिकांच्या वसतिगृहातून वहीच्या पानावर लिहिलेले. तब्येतीची विचारपूस आणि मग एकच प्रश्न. "स्तामेन, आपल्या गावाच्या वृत्तपटात बस निघते तेव्हा मागे आमचे घर दिसते. फाटकाजवळ काहीतरी हलते. मी पुन्हा तिकीट काढून पाहिले, तरी कळत नाही. तू त्या दिवशी चौकात होतास. बाबा बाहेर आले होते का? त्यांनी पाणी ओतले का?"

आमच्याकडे कुणी लांब निघाले, लग्न होऊन असो, सैन्यात असो की परीक्षेला, की घरचे माणूस, बहुधा बाई, उंबऱ्यापुढे तांब्याच्या कळशीतून पाणी ओतते. पाण्याला जशी वाट सापडते तशी त्याला सापडावी म्हणून. घरात कितीही भांडण असले तरी पाणी ओततात. न ओतणे हा शाप नव्हे. पण शापाने निदान नाते तरी राहते.

हारितोनकाकांनी मात्र आधीच सांगून ठेवले होते. सगळे गावच त्यांना काका म्हणे. नेवेना त्यांची एकुलती मुलगी, आई लहानपणीच गेलेली. तिला शहरात जाऊन परिचारिका व्हायचे होते आणि काकांना ती घरात, मेंढरांजवळ, डोळ्यांसमोर हवी होती. "गेलीस तर तुझ्यामागं पाण्याचा थेंब पडायचा नाही," असे ते आमच्या अंगणात, माझ्या आईदेखत म्हणाले होते. ती गेली. आमच्या येलोवो गावाला पहिल्यांदा बस आली त्याच दिवशी, त्याच बसने. राजधानीहून वृत्तपटवाले आले होते, बँड होता, सगळे गाव चौकात होते. हारितोनकाका तेवढे नव्हते. त्याच हिवाळ्यात, खिंड बर्फाने बंद असताना, ते वारले. बापलेकीची पुन्हा गाठ पडली नाही.

पत्र आले तेव्हा काका नव्हते आणि विचारावे असे दुसरे कुणी नव्हते. गाव बँडकडे बघत होते. मी चौकातच होतो, पण माझी पाठ त्यांच्या घराकडे होती. मी बसच्या खिडकीकडे बघत होतो. हे तिला लिहायचा धीर मला झाला नाही आणि खोटे लिहिणे जमले नाही. वृत्तपट मीही पाहिला होता, शाळेत टांगलेल्या चादरीवर. चादरीची घडी नेमकी काकांच्या फाटकावरून गेली होती. पुढे बऱ्याच वर्षांनी तो टीव्हीवर लागला. माझा टीव्ही जुना, पेटीसारखा. असे टीव्ही चित्राच्या कडा गिळून टाकत. अर्धे फाटक त्याने गिळले, उरलेल्या अर्ध्यात एक करडा डाग होता. डाग हलला, एवढेच. काय लिहिणार होतो मी? "प्रिय नेवेना, डाग हलला"?

वर्षे गेली. ती समुद्राकाठी वार्नाला स्थिरावली. नव्या वर्षाला तिचे कार्ड येते, माझे जाते. छापील शुभेच्छा आणि खाली सही. तिने पुन्हा कधी विचारले नाही. पण या वर्षीचे कार्ड पाहून मी खुर्चीत बसलो. एकेक अक्षर अंगठ्याएवढे, ओळ खाली घसरत गेलेली, आणि शेवटी लिहिले होते, "आता मला कडाच दिसतात, मध्ये धुके आहे."

म्हणजे तिला आता ते फाटक कधीच दिसणार नव्हते. तिच्यासाठी कुणीतरी बघायला हवे होते, आणि त्या चौकातला मीच तेवढा उरलो होतो.

येलोवो सोडल्यावर मी जन्मभर डोंगराखालच्या या गावात वाचनालय सांभाळले. माणसाला पत्र लिहिताना माझा हात अडखळतो, कार्यालयांना मात्र मी बेधडक लिहितो. मी चित्रपट संग्रहालयाला लिहिले, आणि त्यांनी, देव त्यांचे भले करो, आमच्या बसचा वृत्तपट मूळ फिल्मवरून नव्याने उतरवून एका पेनड्राइव्हवर पाठवला. सोबतच्या चिठ्ठीत होते, फिल्म उत्तम अवस्थेत, फुल एचडीत उतरवली आहे. वाचनालयाच्या म्हाताऱ्या संगणकात तो चालेना. बसचे नाक दिसायचे आणि चित्र गोठायचे. माझा पेटीवाला टीव्ही तर हिवाळ्यातच धूर सोडून शांत झाला होता. ईस्टरला पेन्शनबरोबर थोडे जादा लेव्ह मिळतात. त्यात बसेल तो स्वस्तातला सपाट टीव्ही घ्यायचा, असे मी ठरवले.

मी कुठलीही गोष्ट करण्याआधी तिच्याबद्दल वाचतो. बहुतेक वेळा वाचून झाल्यावर ती करायची राहून जाते, पण तो स्वभाव आहे. दुकानांचे जाहिरातीचे कागद गोळा केले, वाचनालयात एक पुस्तिका सापडली. त्यात रिझोल्यूशन नावाचे प्रकरण होते. सपाट पडद्यावरचे चित्र ठिपक्यांच्या रांगांचे असते, आणि आडवे किती ठिपके, उभे किती, ते म्हणजे रिझोल्यूशन. सर्वांत स्वस्त टीव्हीत सातशेअडुसष्ट रांगा. फुल एचडीत एक हजार ऐंशी. फोर-के म्हणतात त्यात त्याच्याही दुप्पट. माझ्या फिल्मच्या रांगा एक हजार ऐंशी होत्या.

हे वाचताना माझे हात थंड पडले. भीतीने नव्हे, देवळात एकटे असताना पडतात तसे. त्याच पुस्तिकेत पुढे होते की जुन्या फिल्मवर चांदीचे फार बारीक कण असतात आणि प्रकाश लागला की त्यांच्यावर खूण राहते. म्हणजे बस आली त्या ऑक्टोबरच्या उन्हात हारितोनकाकांच्या फाटकावरून जो प्रकाश निघाला, तो चौकापर्यंत आला, काचेतून आत शिरला आणि त्या कणांवर जाऊन बसला. चादरीला तो दाखवता आला नाही, पेटीवाल्या टीव्हीला आला नाही. पण तो गेला कुठेच नव्हता. मी तरुणाचा म्हातारा झालो, नेवेनाचे डोळे गेले, आणि तो प्रकाश एका पत्र्याच्या डब्यात गप्प बसून होता. बघणाऱ्याकडे पुरेशा रांगा येईपर्यंत.

दुकानात निघालो तर जिन्यात रुमेना भेटली. ती समोरच्या दारात राहते, नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. ती मला मास्तर म्हणते. मी कधीच मास्तर नव्हतो, पण चष्मा असलेला प्रत्येक माणूस तिच्या लेखी मास्तर.

"हे काय मास्तर, खिशातून दोरी लोंबतेय. कुणाला बांधून आणायला निघालात?"

"टीव्ही घ्यायचाय. खुर्चीपासून फळीपर्यंतचं अंतर घेतलंय दोरीनं."

"टीव्हीला अंगरखा शिवायचाय की काय?"

"नाही, म्हणजे... किती लांबून बघणार त्यावर ठिपके दिसतात की नाही ते असतं."

ती दाराकडे वळली. "थांबा, चप्पल बदलून आले. तुम्ही एकटे गेलात तर ते तुम्हाला धुलाईयंत्र विकतील आणि तुम्ही आभार मानून घेऊन याल."

हे अगदी खोटे नव्हते. एकदा मी बल्ब आणायला गेलो आणि केस वाळवायचे यंत्र घेऊन आलो. मला टक्कल आहे.

काय बघायचे आहे ते मी तिला सांगितले नाही. लाज वाटली हे एक. दुसरे असे की मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नव्हता. ज्याला पाणी हवे असते त्याला पाणी दिसते. मला असे डोळे हवे होते, ज्यांना त्या फाटकाकडून काहीच नको होते.

दुकानाच्या भिंतीवर टीव्हींची रांग होती आणि सगळ्यांत एकच बर्फाचा डोंगर होता. विक्रेता हसत पुढे आला. पोट सुटलेला, चाळिशी उलटलेला माणूस.

"स्तामेनकाका! ओळखलंत का? मी गालिन. शाळेत असताना तुमच्याकडून पाणबुडीचं पुस्तक नेलं होतं."

"परत आणलं नव्हतंस," मी म्हणालो आणि लगेच कानापर्यंत लाल झालो. मला असे बोलायचे नव्हते.

"आणतो की काका, अजून वाचतोय," तो म्हणाला. "बोला, कुठला दाखवू? हा घ्या, सगळ्यांत स्वस्त. आणि खोक्यावर बघा काय लिहिलंय. फुल एचडी!"

मी चष्मा कपाळावर चढवून पडद्याजवळ गेलो, अगदी नाक टेकेपर्यंत. तिथे बर्फ नव्हते. लाल, हिरव्या, निळ्या बारीक काड्या होत्या, शेजारी शेजारी उभ्या. मी पांढरे शोधले. पांढरे कुठेच नव्हते. हळूहळू मागे सरलो आणि कुठेतरी, कुठे ते मला धरता आले नाही, काड्यांचे बर्फ झाले. थंडगार, सावल्या पडलेले बर्फ. पुन्हा पुढे गेलो: काड्या. मागे: डोंगर. जन्मभर पुस्तकांत राहिलो, काळ्या ठिपक्यांचे शब्द आणि शब्दांची माणसे होताना रोज पाहत आलो, तरी मी तिथे वेड्यासारखा पुढेमागे करत राहिलो.

"मास्तर, त्याचा मुका घेताय की त्याला विकत घेताय?" रुमेनाने विचारले.

मी दोरी काढली. तिने कुरकुर न करता एक टोक पडद्याशी धरले, दुसरे टोक माझ्या नाकाशी आले. त्या अंतरावरून डोंगराच्या कडेला बारीक पायऱ्या दिसत होत्या, जिन्यासारख्या. खोक्यावर फुल एचडी लिहिलेल्या टीव्हीत अशा पायऱ्या दिसायला नको होत्या, असे पुस्तिका सांगत होती. पण पुस्तिकेवर विश्वास ठेवावा की गालिनवर, मला ठरवता येईना. मी पेनड्राइव्ह पुढे केला.

"हे लावून दाखवशील का? तुझ्या कामाच्या मध्ये येत असेन तर राहू दे."

गालिनने लावला. बँड वाजला, आणि पडदाभर आमचा चौक पसरला. सगळ्यांची डोकी कपाळापासून कापलेली होती. बस निघाली. मी वर बघितले, जिथे उतारावर काकांचे घर असायला हवे होते. घर नव्हते. पडद्याची चौकट होती.

"संपलं?" गालिनने विचारले. "मस्त दिसतंय ना?"

मी मान हलवली. जुन्या फिल्मचे चित्र चौकोनी असते आणि नवे पडदे लांबट. गालिनने पडदा भरावा म्हणून चित्र ताणून मोठे केले होते, त्यामुळे वरचा आणि खालचा भाग बाहेर गेला होता. मला हे कळत होते. त्याला सांगायचे तर त्याच्या दुकानात त्याची चूक काढावी लागणार होती. मी दोरी बोटाला गुंडाळत उभा राहिलो.

"यांना काहीतरी म्हणायचंय," रुमेना गालिनला म्हणाली. "अशी दोरी गुंडाळली की समजायचं. बोला हो! तो काय चावतोय तुम्हाला?"

"चित्र... जसं आहे तसं दाखवता येईल का? न ताणता?"

"काका, मग दोन्ही बाजूला काळे पट्टे येतील. वाईट दिसतं. लोक तक्रार करतात."

"येऊ देत पट्टे," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "वरचं घर मला हवंय."

त्याने बटणे दाबली. पट्टे आले, आणि चौकाच्या वर, उतारावर, दगडी छपराचे ते घर आले. फाटक पूर्ण. बस निघाली. फाटकाजवळ काहीतरी करडे हलले.

"रुमेना," मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारले, "तिथे वर, फाटकाशी काय दिसतंय?"

तिने डोळे बारीक केले. "शेळी."

इतकी वर्षे मी एका शेळीसाठी पत्र अडवून धरले होते की काय? मी खोके उचलले आणि चष्मा लावून बारीक अक्षरे वाचू लागलो. वाचणे तेवढे मला येते. मोठ्या अक्षरांत फुल एचडी होते आणि खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत: फुल एचडी चित्र स्वीकारतो. त्याखाली पडद्याच्या खऱ्या रांगा होत्या. सातशेअडुसष्ट.

"म्हणजे हा हजार पाहुण्यांना आमंत्रण देतो," मी पुटपुटलो, "आणि ताटं मांडतो सातशे."

"काय?" गालिनने खोके हातात घेतले आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "अरे, खरंच की. आम्ही काय काका, वरचंच वाचतो." मग पुन्हा उजळून म्हणाला, "मग फोर-के घ्या! थोडे जास्त पडतील, पण रांगाच रांगा!"

त्या मोठ्या टीव्हीकडे मी बघितले. क्षणभर मोह झाला. तेवढ्या रांगांत शेळीची शिंगेसुद्धा मोजता आली असती. पण माझ्या फिल्मपाशी तेवढ्या रांगा नव्हत्या, आणि नसलेले कुठून येणार? हे कसे सांगावे या विचारात होतो, तोवर रुमेनानेच तोंड उघडले.

"त्यानं काय होणार? माझ्या नवऱ्याचा दारावरचा कागद बघ." आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर चिकटवतात आणि वर्षश्राद्धाला नवा लावतात. "फोटो ओळखपत्रावरचा, टिकलीएवढा. दर वर्षी छापखान्यात सांगते, मोठा करा, मोठा करा. मोठा होतो. पण झोपलेला दिसायचा तो झोपलेलाच दिसतो. एका वर्षी तर मिशी कुठली आणि ओठ कुठला ते कळेना."

"अगदी तसंच," मी म्हणालो. पुस्तिकेत यासाठी चार पाने खर्ची घातली होती.

"मग मास्तरांना ना लहान चालतो ना मोठा," गालिन डोके खाजवत म्हणाला. "कोपऱ्यात एक आहे. जुनं मॉडेल, शेवटचा नग. खरा फुल एचडी. पण त्यात इंटरनेट वगैरे काही नाही हं, नुसतं चित्र दिसतं."

नुसतं चित्र दिसतं. मला दुसरे काय हवे होते?

तो टीव्ही कोपऱ्यात बंद पडून होता, वर धूळ. गालिनने बाहीने पुसला आणि पेनड्राइव्ह लावला, या वेळी न सांगता पट्टे ठेवले. मी दोरी ताणली. फिल्मच्या रांगा आणि पडद्याच्या रांगा आता सारख्या होत्या, एकीला एक.

बँडवाल्यांच्या बटणांवर चमक होती. ढोलाच्या कातड्यावरचे ठिगळ दिसले; ते ठिगळ माझ्या मामाने लावले होते आणि मी ते साफ विसरलो होतो. पण प्रत्येकाच्या डोक्याभोवती एक पांढरी रेघ होती, चर्चमधल्या भिंतीवर असते तशी. बसचा कंडक्टरसुद्धा संत झाला होता. बस निघाली. फाटकाशी माणूस होता. माणूस होता, शेळी नव्हती, आणि त्याच्यापुढे काहीतरी पांढरे लखलखले.

"थांबव," मी म्हणालो.

माझी खात्री होईना. पांढरे तर सगळ्यांभोवती होते. स्वस्त टीव्ही चित्र उठावदार दिसावे म्हणून प्रत्येक कडेला अशी खोटी रेघ मारतात, हे मी वाचले होते. काकांच्या पुढ्यात लखलखले ते त्या उन्हातले होते की या कारखान्यातले? एवढ्यावर मी नेवेनाला लिहू शकलो असतो. तिला बरे वाटले असते. आणि मला जन्मभर कळले नसते की मी तिला काय कळवले.

"गालिन," मी म्हणालो, "ही धार कमी कर. शून्यावर आण."

"काका, चित्र मऊ पडेल."

"पडू दे मऊ. त्यानं स्वतःचं काही घालू नये."

तो बटणे दाबू लागला. आणखी एकदोन गिऱ्हाइके मागे येऊन उभी राहिली होती. संतांची वलये विझली. कंडक्टर पुन्हा कंडक्टर झाला. चित्र खरेच मऊ पडले आणि जसे मऊ पडले तसे खोल झाले. चौकामागे हवा आली, हवेमागे उतार आला, उतारावर ऊन.

"रुमेना, आता तू बघ. मी नाही बघत. मला फक्त सांग." मी पडद्याकडे पाठ फिरवली. पुन्हा एकदा.

बँड सुरू झाला. मला भिंतीवरच्या कॅलेंडरातले मांजर दिसत होते आणि रुमेनाचा श्वास ऐकू येत होता.

"बस निघाली," ती म्हणाली. "वर फाटकातून माणूस आलाय. म्हातारा नाही, पण वाकलाय. डोक्यावर टोपी नाही, काखेत मारलीय. हातात... थांबा हं. इकडेतिकडे बघतोय, चोरासारखा. हातात कळशी आहे." मग तिचा आवाज बदलला. "अगं बाई! पाणी ओततोय. पुरुष माणूस असून! घरात बाई नसेल बिचाऱ्याच्या. ऊन कसं पडलंय बघा पाण्यावर, दोरीसारखं. कोण गेलं होतं हो त्याचं?"

मी वळलो तेव्हा बस चौकटीबाहेर जात होती. "पुन्हा लाव," मी म्हणालो, आणि गालिनने लावले.

मग मी पाहिले. हारितोनकाका फाटकातून आले. ज्या टोपीशिवाय त्यांना मी चर्चबाहेर कधी पाहिले नाही ती काखेत होती. त्यांनी आधी डावीकडे पाहिले, मग उजवीकडे, कुणी बघत नाही ना म्हणून. कुणी बघत नव्हते. त्यांनी दोन्ही हातांनी कळशी कलती केली आणि पाण्याची एक सरळ, झळझळती रेघ खाली उतरली. पाणी संपले तरी ते कळशी तशीच धरून होते. आणि उंबऱ्यापुढच्या दगडावर, जो आधी फिकट होता, एक काळसर ओल पसरत गेली. ओल खोटी नसते. कुठल्याही कारखान्याला दगडावर अशी हळूहळू पसरणारी ओल घालता येत नाही.

रुमेनाने छातीवर क्रूसाची खूण केली. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: तो दगड तासाभरात वाळला असेल. संध्याकाळपर्यंत काकांनाही खरे वाटले नसेल की आपण पाणी ओतले. आणि तरी ती ओल इथे होती, लाल, हिरव्या, निळ्या काड्यांत, ज्यांत पांढरे नाही, पाणी नाही, बाप नाही. दोरीच्या टोकाशी उभे राहिले की सगळे होते.

"आणि हा कोण," रुमेना पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "चौकात मधोमध, घराकडे पाठ करून? सगळे बँडकडे बघतायत आणि हा बसच्या खिडकीकडे तोंड उघडं टाकून बघतोय. काय ते केस! नांगरलेलं शेत नुसतं!"

तिने माझ्याकडे पाहिले. मग पडद्याकडे. मग माझ्या टकलाकडे. आणि आमच्या इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच रुमेना गप्प बसली.

टीव्ही आम्ही बसने घरी आणला, मांडीवर आडवा धरून. वाटेत मी तिला सगळे सांगितले. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. उतरताना एवढेच म्हणाली, "आजच लिहा. तुम्ही आधी पत्र लिहिण्यावरचं पुस्तक वाचायला घ्याल."

मी वाचले नाही. जाड शाईचे पेन घेतले आणि नेवेनासारखीच अंगठ्याएवढी अक्षरे काढली. तिला कडाच दिसतात, म्हणून पानाच्या मध्ये काही न लिहिता कडेकडेने लिहीत गेलो, चौकटीसारखे. हा वेडेपणा असेल. कुणीतरी तिला वाचूनही दाखवील. पण तिने स्वतःच्या डोळ्यांनी काही पकडलेच, तर ते तिला मिळावे असे वाटले. मी लिहिले:

"नेवेना, बाबा बाहेर आले होते. टोपी काढून आले होते. त्यांनी पाणी ओतले, भरपूर. दगड ओला झालेला मी पाहिला, आणि ज्यांना तू कोण हे माहीत नाही अशा माणसांनीही पाहिला. त्या दिवशी मला दिसले नाही, कारण मी फाटकाकडे बघत नव्हतो. मी तुझ्याकडे बघत होतो. तेही चित्रात आले आहे. स्तामेन."

शेवटची दोन वाक्ये खोडावीत म्हणून पेन उचलले. धार वाढवल्यासारखी वाटली ती. मग पुन्हा वाचली. त्यांत मी स्वतःचे असे काही घातले नव्हते. होते तेवढेच होते. पाकीट बंद केले.

दार उघडले तर रुमेना तिच्या उंबऱ्यात उभी होती, हातात प्लॅस्टिकचा जग, त्यात खिडकीतल्या कुंडीतली एक डहाळी शकुनाला खोचलेली.

"तांब्याची कळशी मुलानं नेली," ती म्हणाली. "पत्र लांब जातंय ना? व्हा पुढं. आणि पायऱ्या सांभाळून उतरा, नाहीतर मला तुमचाही कागद दारावर लावावा लागेल, आणि तुमचा तर धड फोटोसुद्धा नाही."

"आता आहे," मी म्हणालो.

पाणी माझ्यामागून पायऱ्यांवर आले, माझ्या टाचांना लागले आणि पुढे गेले. मी त्याच्या मागोमाग उतरलो. कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीत पाकीट अर्धे सरकवून थोडा वेळ तसेच धरून ठेवले, आणि मग सोडले.